जासईहून यायचा घास

घणसोलीत आमच्या गल्लीत पहिला व्हिडिओ आला तो समोरच्या घरात. दुपारी जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी घातली, की आम्ही बायका तिथे जमायचो. दार लावून घ्यायचं, खिडकीवर गोधडी टाकायची आणि पिक्चर सुरू. त्या घरच्या शेजारणीला देवाधर्माचे पिक्चर आवडत नसत. "देव भिंतीवर हाय, त्याला रोजच बगते," म्हणायची. तिला लागायचा भुताचा. मी दारापाशी बसायचे, म्हणजे कुणाच्या ध्यानात न येता उठता यायचं.

त्या पिक्चरांमधले बरेचसे एकाच साच्यातले असत. एक मोठं घर, त्यात एक बाई एकटी. तिचा नवरा तरी गेलेला, नाहीतर मूल तरी. ती खिडकीशी बसून राहते. मग कुठून तरी काळ्या कपड्यांतली माणसं येतात. त्यांचा एक म्होरक्या असतो, त्याचे डोळे लाल. तो येण्याआधी वारा सुटतो, दारं आपटतात, बाजा वाजतो. बाई झोपेत चालल्यासारखी त्याच्यामागे जाते. पुढे आग, मंत्र, सुरा. शेवटी कुणीतरी धिप्पाड माणूस येऊन तिला सोडवतो. नाही तर सोडवत नाही.

आम्ही ओरडायचो आणि हसायचोही. माझी थोरली जाऊ तर सगळ्यांत जास्त हसायची. ती खाडीचं म्हावरं, म्हणजे मासळी, घेऊन वाशीच्या सेक्टरांत विकायला जायची, दुपारी परत आली की पाटी धुऊन, हातपाय धुऊन थेट पिक्चरला. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, तोही कंपनीत लागलेला. आमचं घर एक, मधे भिंत घालून दोन केलेली, पुढची पडवी दोघींची. मी लग्न होऊन आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नसे. चारचौघांत माझ्या वतीने तीच बोलायची. बाजारात माझं भांडणसुद्धा तिनेच केलंय.

एका पिक्चरमधला एक तुकडा माझ्या चांगला लक्षात राहिला. त्यातल्या बाईचं मूल गेलेलं. ती केस सोडून बसलेली. त्या टोळीतली एक बाई घरात येते, काही बोलत नाही. मागे बसते, फणी घेते आणि तिचे केस विंचरायला लागते. बाजा नाही, वारा नाही. आमच्यातली एक म्हणाली, "आता उवा काडनार ती." सगळ्या हसल्या.

जाऊ म्हणाली, "एवडी रडतंय बिचारी, आनि शेजारीन कोन नाय तिला? आमच्या गावात असती तर भाताची पातेली घेऊन धा बाया दारात उभ्या राह्यल्या असत्या. भूत शिरनार कुटून?"

हे वाक्य तिचंच आहे. म्हणून मला ते कधी विसरता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा मुलगा कावीळ होऊन गेला. ठाण्याच्या इस्पितळात नेला होता, तिथून तसाच आणला. लग्नाचं बघत होते त्याचं.

त्या लग्नावरून आधीच एक गोष्ट झाली होती. जाऊचं माहेर उरणच्या वाटेवरच्या जासईचं. तिच्या भावाच्या मनात आपली मुलगी याला द्यायची होती. मामाचीच मुलगी, कुणालाही वाटेल घरातल्या घरात बरं. पण पोरगा नाही म्हणाला. म्हणाला, लहानपणापासून तिला बहीण म्हणतोय, आता बायको कशी म्हणू? जाऊने पोराची बाजू घेतली. भाऊ पडवीतून उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुज्या उंबऱ्याला माजा पाय लागनार नाय." आणि गेला. दिवाळीला आला नाही, गौरीला आला नाही.

भाचा गेल्याचा निरोप धाडला तेव्हा तो आला, पण सरळ स्मशानात. सगळ्यांच्या मागे उभा राहिला. डोक्याचं फडकं काढून हातात धरलं होतं. माती झाली आणि तिथूनच परत गेला. घरी आला नाही.

आमच्याकडे मढं उचललं की त्या घराची चूल पेटत नाही. आम्ही एका घरचे, त्यामुळे सुतक मलाही, माझीही चूल बंद. अशा घरी पहिलं जेवण येतं ते बाईच्या माहेराहून. भात आणि मुगाची आमटी, हळद नाही, फोडणी नाही. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. कडू असं त्यात काही नसतं. माहेरच्या माणसाने तो आपल्या हाताने भरवायचा, मग शेजारपाजारची पातेली येतात आणि मग दहा दिवस ती थांबत नाहीत.

त्या दिवशी समोरच्या घरी भात शिजला होता. मला वास येत होता. पलीकडच्या घरीही शिजला होता, कोपऱ्यावरच्या घरीही. पण एकीनेही आमचा उंबरा ओलांडला नाही. ओलांडायचा नसतो. माहेरच्या आधी आपण घास भरवला, तर बाई गं, तुला आता माहेर उरलं नाही, असं तिच्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं. म्हणून सगळ्या थांबल्या. जासईची पाटी येईल, मग आपण जाऊ. शेजारणीने माझ्या पोरांना मागच्या दाराने बोलावून खाऊ घातलं, तेवढंच.

उरणची एसटी आली की कुणीतरी रस्त्यापर्यंत बघून यायचं. एक गाडी गेली, दुसरी गेली. ऊन पडवीतून सरकून अंगणात गेलं. जाऊ भिंतीला टेकून बसली होती, केस मोकळे, तोंड कोरडं पडलेलं. दारांदारांत बायका पातेल्यावर पदर टाकून उभ्या. कुणी पुढे येत नव्हतं, कुणी आत जात नव्हतं.

आणि नाक्याकडून एक बाई आली. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, हातात स्टीलचा डबा. वय माझ्याएवढंच. वाशीत जाऊ ज्यांना रोज म्हावरं द्यायची त्यांतली एक. पाटी का आली नाही म्हणून तिने दुसऱ्या म्हावरेवालीला विचारलं, तिला कळलं, आणि ती पत्ता विचारत आली. चपला काढून सरळ आत आली, जाऊच्या समोर खाली बसली आणि डबा उघडला. वरणभात होता. पिवळं धमक वरण, वर तूप.

दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हळदीचं, आणि आजच्या दिवशी. पण त्या बिचारीला काय माहीत. तिने घास कालवला आणि जाऊच्या ओठांशी नेला.

"आई, एक घास घ्या."

रोज ती तिला मावशी म्हणायची. मावशी, बोंबील कसे दिले. त्या दिवशी आई म्हणाली. जाऊने तोंड उघडलं.

नंतर सगळी पातेली आली. पण जाऊने हात हलवला. "झाला माजा," म्हणाली.

वाशीची बाई दर गुरुवारी येऊ लागली. पुढे तिच्याबरोबर आणखी दोघीतिघी येत. त्यांचं एक मंडळ होतं, घाटावर कुठेतरी त्यांचा मठ होता. त्या येत, आमची पडवी झाडत, जाऊला आंघोळीचं पाणी तापवून देत, तिच्याबरोबर शांत बसत. मोठ्याने काही म्हणत नसत. वर्गणी मागितली नाही की अंगारा दिला नाही. आमचे हे म्हणाले, "वयनीचा जीव रमतंय ना? रमू दे की." मलाही पहिल्यांदा बरंच वाटलं. मी दिवसभर तिच्याजवळ बसायचे, पण मला बोलायला सुचत नसे. त्यांना सुचायचं.

एका गुरुवारी मी चहा घेऊन मधल्या दाराने तिच्याकडे गेले. वाशीची बाई जाऊच्या मागे बसली होती आणि फणीने तिचे केस विंचरत होती. हळूहळू, गुंता धरून. जाऊने डोळे मिटले होते.

मी तशीच मागे फिरले.

समोरच्या शेजारणीला जाऊन सांगितलं. ती हसली. "अगो, त्या पिक्चरवाल्याचे डोले लाल होते. ही चश्मा लावतंय." मग म्हणाली, "आनि केस तरी कोनी विंचरले तिचे इतके दिवस? मी नाय विंचरले. तू विंचरलेस?"

सुतकात केसांना हात लावायचा नसतो. सुतक संपल्यावरही आम्ही कुणी लावला नव्हता.

तेव्हापासून मी त्या बाईवर नजर ठेवू लागले. खोटं सापडावं म्हणून बघायचे आणि सापडायचं नाही. तिचं तान्हं मूल गेलं होतं. त्या वेळी ती एकटीच घरात होती, नवरा फिरतीवर, बिल्डिंगमधे सगळे नवे, कुणी दार वाजवलं नाही. मंडळातल्या एकीने वाजवलं. हे तिने मला सांगितलं, पडवीत, माझा हात धरून. सांगताना तिचे डोळे भरले. ते पाणीही खरंच होतं. पिक्चरमधली माणसं खोटं बोलतात, म्हणून बघणाऱ्याला ती ओळखू येतात. ही खोटं बोलत नव्हती. मला त्याचीच भीती वाटायला लागली.

कारण जाऊ एकेक करून सगळं सोडत चालली होती. आधी म्हावरं गेलं. जिवाची हत्या नको, असं मंडळात सांगत. पाटी भिंतीला पालथी लागली. पाटी गेली तशी वाशीची फेरी गेली, खाडीवरच्या बाया गेल्या, भाव करताना होणारी तिची भांडणं गेली. त्या भांडणांत ती किती जिवंत असायची, ते तेव्हा मला कळलं. मग पोराचा एक सदरा आणि फोटो मठात गेला. तिथे त्याची रोज सेवा होते, तो तिथेच आहे, असं तिला सांगितलं होतं. इथे जे रडतात ते त्याला मागे ओढतात, असंही सांगितलं होतं. एक दिवस मी त्याची आठवण काढून डोळे पुसले तर ती म्हणाली, "तू माज्यासमोर रडू नको. तुज्यामुले तो अडकतंय."

तिने हे रागाने म्हटलं नाही. समजूत घातल्यासारखं म्हटलं. त्या दिवसापासून मधल्या दाराला तिच्या बाजूने कडी लागायला लागली.

मग मंडळाबाहेरच्या हातचं खायचं नाही, असा नियम आला. मी भाकरी घेऊन गेले तर तिने ताट परत केलं. मी पहिल्यांदाच तिला उलटून विचारलं, "बाय, माज्या हाताला काय झाला?"

"तुज्या हाताला काय नाय झाला," ती म्हणाली. "पन माजा नाता आता तिकडं हाय. त्या दिवशी सगळा गाव दारात उभा होता. माजा भाऊस नाय आयला. तिनं मना पयला घास भरवला. आता तीच माजा म्हायर."

रीत आमचीच होती, आणि रीतीप्रमाणे तिचं बरोबरच होतं. ज्याने कडू घास भरवला त्याने हाक मारली तर जायचं, असंच आम्ही मानत आलो. वाशीच्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त भुकेल्या बाईला भरवलं होतं. फास आमच्याच घरचा होता. पातेली घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी तो थांबून थांबून विणला होता.

एका सोमवारी जाऊने स्वतःहून मधली कडी काढली आणि माझ्याकडे आली. चुलीपाशी बसली. मला इतका आनंद झाला की मी तिला पाट द्यायचंही विसरले.

"गुरुवारी मी जानार," ती म्हणाली. "कायमची. मठात."

मी चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं.

"गाडी येनार हाय नाक्यावर. सकालीच. मी गेले की तू आंघोल कर. पोरांना पन घाल. त्यांच्यात तसाच करतात. मागच्यांनी आंघोल करावाची, म्हंजे संपला. मग परत कोनी शोधत यवाचा नाय, बोलवाचा नाय." तिने चुलीतलं एक लाकूड पुढे सारलं, रोजच्यासारखं. "घर तुमालाच ऱ्हाईल. तुळशीला पानी घाल."

मी भुताचे एवढे पिक्चर पाहिले, पण अंगावर काटा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. अशी आंघोळ मेलेल्या माणसाच्या नावाने करतात. माझ्यासमोर बसलेली, लाकूड सारणारी बाई मला तिच्या मरणाची आंघोळ सांगत होती, आणि तिचा आवाज शांत होता.

रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांनी तिच्याशी बोलून पाहिलं, मग आवाज चढवला, मग उठून बाहेर गेले. गावातले दोघे जाणते येऊन गेले. त्यांना ती म्हणाली, "माजा पोरगा मेला तवा तुमी पातेलीभर भात घेऊन उभे होते. अजून उभेच ऱ्हावा."

मंगळवारी दुपारी शेजारणीने मला ओढून पिक्चरला नेलं. जरा डोकं हलकं होईल म्हणाली. पुन्हा तेच होतं, मोठं घर आणि एकटी बाई. शेवटी धिप्पाड माणूस बॅटरी घेऊन आला आणि त्याने काळ्या कपडेवाल्यांना बदडायला सुरुवात केली. मी बघत होते आणि मनात येत होतं, आमच्याकडे कुणाला बदडणार? झाडू मारणाऱ्या बायकांना? आणि मग असं आलं की या पिक्चरांत बाईला न्यायला कोण येतं ते सगळं दाखवतात. कोण यायचं होतं आणि आलं नाही, ते कधीच दाखवत नाहीत. त्याला बोलवायला कुणी जातही नाही.

मी उठले. दारापाशीच बसले होते, कुणाला कळलं नाही.

बुधवारी सकाळी पोरांना शेजारणीकडे ठेवलं आणि रस्त्यावर येऊन उरणच्या गाडीला हात केला. लग्नानंतर मी एकटी एसटीत बसले नव्हते. कंडक्टरला जासई म्हणताना आवाज निघाला नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पुढे मिठागरं लागली. बंदराच्या कामाचे डबराने भरलेले ट्रक आमच्या गाडीला घासून जात होते. काय बोलायचं ते मी घोकत होते आणि प्रत्येक ट्रक गेला की विसरत होते.

जाऊचा भाऊ ओट्यावर बसून जाळं सांधत होता. मी त्याच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते. लग्नाकार्यात दिसला की पदर पुढे ओढायचा, एवढाच संबंध. त्याने मला ओळखलं, पण हात थांबवले नाहीत.

"कोन धाडला तुला?"

"कोनी नाय, दादा."

"मग कशाला आयलीस? तिनं बोलावला असता तर मी बगितला असता."

"ती नाय बोलवनार."

"मग झाला तर."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी तो हातात घेतला आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले. घोकलेलं काहीच आलं नाही. एवढंच आलं की, "दादा, उद्या ती मठात जातंय. गेली की आमी आंघोल करनार हाव. भावालापन आंघोल लागते. तुमी उद्या आंघोल करशाल. मग भाचा गेला तवाचा भात ऱ्हायला, तिचा पन ऱ्हाईल. दोन ऱ्हातील."

त्याची सुई थांबली.

"सा महिने झाले," तो म्हणाला. "आता कसला भात?"

"तोच."

"मी बोललो होतो, उंबऱ्याला पाय लावनार नाय."

"नका लावू."

तो पुन्हा जाळं सांधायला लागला. मी तांब्या ठेवला आणि निघाले. त्याची बायको गल्लीच्या टोकापर्यंत आली. "डोका दगड हाय त्याचा," ती हळूच म्हणाली. "स्मशानातून आयला त्या दिवशी मी भात शिजवून ठेवला होता. पाटीत भरून. उचललान नाय. रात्री कुत्र्याला घातला, आनि मग स्वतः जेवला नाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "मी सांगते. पन भरोसा ठेवू नको."

गुरुवारी सकाळी नाक्यावर पांढरी मॅटडोर येऊन उभी राहिली. गल्ल्या अरुंद, आत येत नव्हती. वाशीची बाई एकटीच चालत आत आली. जाऊ आंघोळ करून बसली होती, पांढरी साडी, हातात लहान पिशवी. बाईने तिचे केस शेवटचे विंचरले आणि घट्ट अंबाडा घातला. मी मधल्या दारात उभी. कान रस्त्याकडे.

एसटीचा हॉर्न झाला. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही.

"निघूया, आई," बाई म्हणाली.

जाऊ उठली. आतूनच तुळशीला नमस्कार केला. माझ्या पोरांकडे तिने पाहिलं नाही. न पाहण्यासाठी तिला मान फिरवावी लागली, ते मला दिसलं. माझ्या तोंडून निघालं, "बाय, चा घेऊन जा." ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "पानी तरी." ती पाण्यालाही नाही म्हणाली. न्हाणीत मी आंघोळीची घागर भरून ठेवली नव्हती, एवढंच माझ्या हातात होतं.

आणि गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. "जासईची पाटी आयली! आयली गो, आयली!" समोरची शेजारीण ओरडत होती. पुढे भावाची बायको, डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी. मागे तो, मान खाली. बस चुकली होती, ट्रकातून आले होते, दोघेही धुळीने पांढरे.

तो अंगणात आला आणि पडवीच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबला. बोलला होता ते त्याने पाळलं. तिथेच मातीत मांडी घालून बसला. बायकोने पाटी खाली ठेवून फडकं काढलं. भात, आणि बिनहळदीची मुगाची फिक्की आमटी. त्याने कालवलं, घास केला आणि हात पुढे धरला.

जाऊ आत, तो बाहेर, मधे उंबरा.

"आई, नियम आहे," वाशीची बाई हळूच म्हणाली. "आज नको. आज अडकाल."

जाऊ हलली नाही. मी तिच्या पाठीकडे बघत होते. भावाचा हात तसाच होता. थोड्या वेळाने तो थरथरायला लागला, शितं मातीत पडायला लागली. दारांदारांत बायका आल्या होत्या. त्या दिवसासारख्याच उभ्या होत्या. तो डाव्या हाताने उजव्या हाताला आधार देत होता, पण खाली घेत नव्हता.

"हात खाली कर," जाऊ म्हणाली. कितीतरी महिन्यांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "दुखल तो."

"दुखू दे."

"तवा कुटं होतास?"

"घरी."

"भात नव्हता घरी?"

"होता," तो म्हणाला. "शिजवलेला होता. मीच नाय आनला." आणि त्याचं तोंड वाकडं झालं, लहान पोरासारखं.

जाऊने उंबरा ओलांडला. त्याच्यासमोर मातीत बसली, नवीन पांढऱ्या साडीसकट, आणि तोंड उघडलं. घास घेतला. चावला. गिळला. मग भावजयीकडे बघून म्हणाली, "मीठ किती घातलास गो? खारा झालाय."

आणि मग ती रडली. घरात मढं होतं तेव्हाही तशी रडली नव्हती. भाऊ एका हाताने तिला धरून होता आणि दुसऱ्या हाताने घास कालवतच होता, थांबायचं त्याला कळत नव्हतं.

माहेरचा घास झाला, तशी समोरची शेजारीण घरात पळाली आणि हाताला लागेल ते पातेलं घेऊन आली. पलीकडची आली, कोपऱ्यावरची आली. कुणाकडे वालाचं बिरडं होतं, कुणाकडे नुसता भात. सहा महिने उशिराने का होईना, पातेली आमच्या अंगणात आली.

वाशीची बाई पडवीत उभी होती. तिच्या हातात जाऊची पिशवी होती. मी एका ताटलीत जासईचा भात वाढला आणि तिच्यापुढे धरला. "तुमी पन घ्या," म्हटलं. तिने ताटलीकडे खूप वेळ पाहिलं. मला वाटलं घेईल. मग नाक्यावरून हॉर्न वाजला. तिने पिशवी खाली ठेवली, "आईंना सांभाळा," म्हणाली आणि गेली. पाठीमागून ती कुणीही दिसत होती. रोज बाजारात दिसणारी कुणीही.

जाऊ लगेच बरी झाली असं नाही. कितीतरी गुरुवार ती सकाळी केस सोडून पडवीत बसायची. मग मी फणी घेऊन मागे बसायचे. मला बोलायला तेव्हाही सुचत नसे. विंचरायला बोलावं लागत नाही.

उन्हाळा सरता सरता तिने पाटी सरळ केली आणि वाशीला जाऊ लागली. वाशीच्या बाईच्या घराला कुलूप होतं. ती मठातच राहायला गेली असं शेजाऱ्यांनी सांगितलं. तिच्या नवऱ्याने आंघोळ केली की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा मी जाऊबरोबर गेले होते. प्रत्येक बिल्डिंगखाली ती एकदा हाक द्यायची, "म्हावरा घ्या गो, म्हावरा!" आणि पुढे निघायची. त्या एका बिल्डिंगखाली मात्र ती पाटी उतरवून ठेवायची, वर बंद खिडकीकडे बघून पुन्हा एकदा हाक द्यायची, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मग थोडा वेळ तिथेच बसून राहायची.